कपाटावरची पाटी

५ ऑक्टोबर, रविवार

नातीने पाटी आणली. काचेची, काळी, पोळपाटापेक्षा लहान. इब्तिहाल म्हणते, "आजी, यात हजार पुस्तकं आहेत." म्हटलं, घरात आहेत तीच पुसून पुसून माझे गुडघे गेले, त्यात ही हजार! "ही पुसावी लागत नाहीत गं!" पोरगी हुशार आहे. माझ्या लेकाची, गलालची वाटत नाही.

पाटी ह्यांच्यासाठी. डोळ्यांचा डॉक्टर परवा सरळच बोलला — छापील अक्षर आता विसरा. उजेडाचं, मोठ्ठं केलेलं अक्षर अजून थोडे दिवस दिसेल, तेवढं वाचून घ्या. जन्मभर छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, आता स्वतःच्या ताटातली भाकरी चाचपावी लागते.

आणि हे म्हणतात काय — "काच म्हणजे खिडकी. खिडकीतून बघतात, वाचत नाहीत." मिजास तेवढी शाबूत आहे!

९ ऑक्टोबर

इब्तिहालने बोटांनी अक्षर फुगवून दाखवलं. अलिफ काकडीएवढा झाला. ह्यांना दिसला! मी तोंडाकडेच बघत होते, दिसला. पण कबूल करतील तर ना. "शाई नाही, वास नाही, हे कसलं पुस्तक?" पोरगी चिकाटीची. म्हणाली, "आजोबा, यात कुराणही घातलंय."

झालं! आता ती पाटी पलंगावर ठेवता येईना. वर चष्मा ठेवायचा नाही, वुजू करून हात-तोंड धुतल्याशिवाय हात लावायचा नाही. शेवटी धुतलेल्या फडक्यात गुंडाळून मीच कपाटावर ठेवली, सगळ्यांत उंच, कुराणाच्या प्रतीशेजारी. हे म्हणाले, "बरं केलंस." कधी नव्हे ते एकमत.

१७ ऑक्टोबर

काही नाही. मुलुखियाची भाजी जळली.

२ नोव्हेंबर

हे रोज खिडकीशी जाड पुस्तक घेऊन बसतात. पानं उलटतात. आज शेजारची वहिबा आली. "माशाअल्लाह, हाजी अजून वाचतात!" मी चहा ओतला. एका पानाला लागायला हवा तेवढा वेळ लावतात, ते बरोबर जमतं. डोळे मात्र पानावर नसतात. पलीकडे कुठेतरी भिंतीवर.

मी काही बोलले नाही. म्हणजे ती जाईपर्यंत बोलले नाही. मग विचारलं, "अहो, पाटी काढू का खाली?"

"मी मेलो की काढ."

१४ नोव्हेंबर

इब्तिहाल आली. स्टुलावर चढून पाटी काढली — फडक्यावर ही धूळ! "आजी, इतके दिवस हिला कुणी चार्जिंगलासुद्धा लावलं नाही?" म्हटलं, आत कुराण आहे, खाली कुठे ठेवणार? तिने कपाळावर हात मारला. "अगं, बंद असताना आत काहीच दिसत नाही, मग कसलं आलंय?"

"बंद पुस्तकातलं तरी कुठे दिसतं? म्हणून काय त्यावर पाय ठेवतेस?"

तिने फडकं झटकलं. मग म्हणाली, मशिदीतले शेख खिशात फोन घालून फिरतात, त्यातही कुराण असतं. त्यांना चालतं. हे मला आधी कुणी सांगायचं? मी शिकले बायकांच्या रात्रशाळेत, तेही केस पिकल्यावर. तिथे पाट्या दगडाच्या होत्या!

२८ नोव्हेंबर

परवा हे जिन्यात पडले. हाड वाचलं, माज गेला. आज स्वतःच पाटी मागितली.

मांडीवर उशी, उशीवर पाटी. मी अक्षर फुगवत गेले. काकडीएवढं. भोपळ्याएवढं. शेवटी काचभर एकच अक्षर, नून, आणि त्याचा ठिपका अंड्याएवढा. हे वाट बघत बसलेले. मग म्हणाले, "लावलीस का?"

लावली होती.

डॉक्टरने दिलेले दिवस कपाटावर गेले. अर्धे ह्यांच्या हट्टापायी, अर्धे माझ्या शहाणपणापायी. रडून कुणाचे डोळे परत आलेत? भांडी घासली.

३ डिसेंबर

ह्यांचं पुस्तक मीच वाचायला घेतलं. ओळीवर बोट ठेवून, ठेचकाळत. इतक्या वेळात गाढव अस्वानला पोचलं असतं! इब्तिहाल म्हणे, पाटी स्वतःसुद्धा वाचते, बाईच्या आवाजात. म्हटलं, परकी बाई कशाला? माझ्या तोंडाला काय झालंय? हे ऐकत होते. मान हलवत होते. बरं वाटत असावं.

४ डिसेंबर

सकाळी म्हणाले, "गलालच्या आई, ठेव ते पुस्तक. त्या बाईला लाव."

का? इतकं वाईट वाचते मी?

"नाही गं. तू मध्येच थांबतेस. कळतं मला, माझ्याकडे बघतेस. तिला ठाऊक नाही मी आंधळा आहे ते."

लावली. दार ओढून घेतलं.