विनाबॅटरी

३ मे
आफकेने बॅटरीची सायकल घेतली. मला न विचारता! म्हणजे तीनदा विचारलं होतं आणि तिन्ही वेळा मी नाही म्हणालो होतो. मग चौथ्यांदा विचारायला काय जात होतं? बायको आहे ना माझी?
सायकल राखाडी. हँडलवर छोटा टीव्ही. तो कसा चालवायचा ते शिकवायला सीम आला होता. सीम म्हणजे आमच्या बागसंघाचा अध्यक्ष. गावाच्या सामाईक बागेत सगळ्यांना भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे दिलेत, आमच्या तुकड्याला लागूनच त्याचा तुकडा. सतत नाकाने कांदे सोलत असतो. मला म्हणे, मेंडर्ट, तूही एक घेऊन टाक, आपली वयं झाली आता. तुझं झालं असेल बाबा. मी एकाहत्तर, तो चौऱ्याहत्तर. तीन वर्षांत माणूस कुठल्या कुठे जातो.
ठराव: ऑगस्टच्या फेरीला मी माझ्या साध्या सायकलवरूनच जाणार. तीन गिअर, दोन पाय.

४ मे
फेरीचं लिहूनच ठेवतो. आमच्या एन्कहाउझनहून निघायचं, आयसलमेर सरोवराला पूर्ण वळसा घालून परत यायचं. चार दिवस, साधारण अडीचशे किलोमीटर. सहा वर्षांपूर्वी मी निवृत्त झालो, तेव्हा निरोपाच्या भाषणात सगळ्यांदेखत आफकेला शब्द दिला होता. पहिल्या वर्षी कंबर. दुसऱ्या वर्षी बटाट्यावर रोग. तिसऱ्या वर्षीचं आठवत नाही, पण कारण सबळ होतं. आफकेच्या हिशोबाने सहा कारणं झाली. ती मोजत बसते.
ऑगस्टमध्ये तिला सत्तर पूर्ण होतात. आज कॉफी ओतता ओतता म्हणाली, यंदा अठरा ऑगस्टला सकाळी आठ वाजता मी निघणार, तू असलास तर तुझ्याबरोबर. आवाजसुद्धा चढवला नाही. भांडायचं तर नीट भांडावं ना माणसाने!

१७ मे
ट्रेनिंगचा पहिला दिवस. मेडेम्ब्लिक गावापर्यंत जाऊन आलो. जाताना वारा समोरून. येताना वळला, पुन्हा समोरून.
आफके प्रत्येक चौकात थांबलेली. मी पोचलो की ती सफरचंद संपवून निघायच्या तयारीत. म्हणजे तिची विश्रांती झालेली आणि माझी सुरूच व्हायची. ही काय बरोबरीची गोष्ट झाली? वाटेत एका ऐंशीच्या बाईने मला मागे टाकलं. पुढच्या टोपलीत दोन कुत्री. कुत्र्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.
मागचा ब्रेक चाकाला घासतोय बहुतेक.

२ जून
अंगाचा तिळपापड झालाय. बागेची महिन्याची तपासणी झाली. सीम मोजपट्टी घेऊन आला आणि आमच्या कुंपणाची झाडं आठ सेंटिमीटर जास्त उंच आहेत म्हणून मला पत्र दिलं. मला! छत्तीस वर्षं मी जलमंडळात शेतांतल्या पाण्याचे चर तपासले. कोणी चर साफ केला नाही की शेतकऱ्याच्या दारात माझं पत्र पडायचं. गावागावात लोक मला टरकून असायचे. आणि हा मला पत्र देतो.
उत्तर लिहायला घेतलंय. तोपर्यंत ट्रेनिंग बंद. आधी तत्त्व, मग सायकल.

४ जून
उत्तराचं चौथं पान चालू असताना आफके बागेत जाऊन कुंपण छाटून आली. वीस मिनिटांत. आता या उत्तराचं मी काय करू?

२९ जून
आज मात्र मोठं काम झालं. घरातल्या जुन्या नोंदवह्या काढून ऑगस्टमधल्या वाऱ्याचा तीस वर्षांचा तक्ता केला. निष्कर्ष: नैर्ऋत्येचा वारा. म्हणून आधी उत्तरेला जायचं. म्हणजे दुसऱ्या दिवशी सरोवर आणि समुद्र यांच्या मधल्या बत्तीस किलोमीटरच्या मोठ्या बांधावर वारा पाठीमागून मिळेल, पाय हलवायचीही गरज नाही. बॅटरीवाल्यांना हे सुचणार आहे का?
आफके म्हणाली, वारा फिरला तर? तीस वर्षांचा तक्ता दाखवल्यावरसुद्धा हा प्रश्न. मी उठून बागेत गेलो.

१५ जुलै
ट्रेनिंगला दोन आठवडे सुट्टी दिलीय. स्नायूंना विश्रांती देणं हा ट्रेनिंगचाच भाग असतो. कुठेतरी वाचलंय.
जेवताना सहज म्हणालो, घेवडा नेमका अठराच्या सुमारास तोडायला येईल, पाणीही घालावं लागेल, सप्टेंबर बरा पडेल. आफके म्हणाली, सीमला सांगून ठेवलंय, तो बघेल. माझा घेवडा! सीमच्या हाती! त्याच्या तुकड्यावर घेवडा कधी धड आलाय का? सूप तसंच टाकून उठलो. तिने ते बशीने झाकून ठेवलं. नंतर प्यायलो, पण राग तसाच आहे.

९ ऑगस्ट, पहाटे ६.३०
आफके झोपलेली असताना तिची सायकल बाहेर काढली. फक्त ब्रेक तपासायला. बाईमाणूस एवढ्या लांब जाणार, कोणीतरी बघायला नको? ब्रेक नीट कळावेत म्हणून चौदा किलोमीटर जावं लागलं. ब्रेक ठीक आहेत.

९ ऑगस्ट, दुपार
त्या टीव्हीवर किलोमीटर दिसतात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. चौदा कोणी चालवले, असं आफकेने विचारलं. मी म्हणालो, सीमने असतील.
तिने सायकलच्या कुलपाची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. सीमवर तिचा फार विश्वास, त्यामुळे पटलं नसेल.

१७ ऑगस्ट
सगळं तयार. काळ्या पोळ्यांची चळत, चीज, रेनकोट, पंप. उद्या वायव्येचा जोरदार वारा, असं रेडिओ म्हणतोय. तीस वर्षांच्या तक्त्यापुढे रेडिओवरची ती पोरं कोण लागून गेली?

१८ ऑगस्ट, दुपारी १.१०, रस्त्याच्या कडेला
वायव्येचा वारा. थेट तोंडावर. अडतीस किलोमीटर झाले.
शेवटचे दहा किलोमीटर आफके म्हणत होती, मी पुढे राहते, तू माझ्या आडोशाने ये. मी म्हणालो, मला आडोसा नको. मग डाव्या पोटरीत गोळा आला. चराच्या काठावर बसलो. चर गवताने गच्च भरलाय. माझ्या वेळी असा चर दिसला असता तर मालकाची झोप उडवली असती. हे मी आफकेला सविस्तर सांगितलं. तिने पाणी दिलं, पोटरी चोळून दिली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,
“मेंडर्ट, मी परत वळले तर ही फेरी पुन्हा कधीच होणार नाही. ठाऊक आहे ना तुला?”
मी म्हणालो, “मग जा.”
‘जा’ म्हणजे जायचं नसतं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात एवढं कळायला हवं. तिने अर्धी पोळी माझ्या हातात ठेवली, हेल्मेट घातलं आणि गेली.
पाऊण तास बसलोय. थकलो म्हणून नव्हे. ती वळेल म्हणून.

१८ ऑगस्ट, संध्याकाळ
एका फ्लॉवरच्या टेम्पोतून घरी आलो. सायकल फ्लॉवरवर आडवी. टेम्पोवाल्याने विचारलं, आजोबा, बॅटरी संपली का?

१९ ऑगस्ट
आफकेचा मेसेज. मोठा बांध पार केला, मकुमला पोचली, तळलेला मासा खाल्ला. सोबत माशाचा फोटो. माझी पोटरी कशी आहे, असंही विचारलंय. उत्तर दिलं नाही. विचारायला आता सुचलं होय!
बागेत सीम झारी घेऊन हजर. घेवड्याची काळजी वाटली म्हणून परत आलो, असं त्याला सांगितलं. तो म्हणाला, चांगलं केलंस. आणि माझ्याच घेवड्याला पाणी घालत राहिला. टोमणा मारला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

२० ऑगस्ट
मेसेज: लेमरला मुक्काम, नऊ तास गाढ झोप, खोलीच्या खिडकीतून होड्या दिसतात. बोलायला माणूस नाही, असं कुठे लिहिलंय का ते दोनदा वाचून पाहिलं.
कॉफी दोन कप केली. एक मोरीत ओतून दिला. दिवसभर संतापलेलो आहे. कोणावर ते शोधत होतो. सीमवर नाही. रेडिओवरही नाही. आफकेवर म्हणावं, तर सकाळपासून तिच्याच फोनची वाट बघतोय.
संध्याकाळी घेवडा तोडला. निबर निघाला. आठवडाभर आधीच तोडायला हवा होता.

२१ ऑगस्ट, सकाळ
नवी योजना. आज ती लेलिस्टाडकडून शेवटच्या बांधावरून घरी येणार. मी इकडून निघतो, बांधावर तिला गाठतो आणि दोघं मिळून गावात शिरतो. शेवट बरोबर केला म्हणजे फेरी बरोबर केली. लोक शेवटच बघतात.

२१ ऑगस्ट, संध्याकाळ
जाताना उडतच गेलो. चौदा किलोमीटर, चाळीस मिनिटं. ट्रेनिंग फळाला आलं असं स्वतःशी मोठ्याने म्हणालोसुद्धा. वारा अजून वायव्येचाच आहे, हे परत फिरल्यावर लक्षात आलं.
आफके भेटली. नाक उन्हाने सोललेलं, चेहरा पोरीसारखा. मला बघून हसली. त्या ‘जा’बद्दल एक शब्द काढला नाही. बरोबर निघालो. दोन किलोमीटर मी तिच्या बरोबरीने होतो. मग वाऱ्याने मला जवळजवळ उभाच केला. आफके वेग कमी करून शेजारी आली आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. तळवा, पाचही बोटं. तिची बॅटरी आम्हा दोघांना ढकलायला लागली. इथे बांधावर म्हातारी जोडपी असं करताना मी शेकडो वेळा पाहिली आहेत आणि दर वेळी हसलो आहे.
मी ओरडलो, हात काढ. तिने काढला. पुढच्या शंभर मीटरमध्ये मी थांबलो. तीही थांबली. एक पाय जमिनीवर ठेवून, वाऱ्यात केस सावरत म्हणाली,
“चार दिवस एकटीने बघितलं सगळं. दाखवायला कोणी नव्हतं. माझा हात काही दुखत नाही. तुला चालेल का, तेवढं सांग.”
मी म्हणालो, “ठेव.”
बारा किलोमीटर तिने हात ठेवला. वाटेत बदकं, होड्या, आणखी काय काय दाखवत होती. मी बघत होतो.
गावच्या वेशीशी सीम आणि बागेतली सगळी मंडळी तिच्यासाठी डेलियाची फुलं घेऊन उभी होती. मंडळी दुरून दिसल्यावर आफकेने विचारलं, हात काढू का आता? मी नको म्हणालो. सगळ्यांनी पाहिलं. सीमने विचारलं, कशी झाली फेरी? कारण द्यायला मी तोंड उघडलं, पण एकही सुचलं नाही.