काउंटर रिकामा ठेवायचा नाही

४ नोव्हेंबर

पोचले एकदाची. बस दोनदा बंद पडली, बॅगेचा बंद तुटला आणि शेजारच्या बाईने वाटभर माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोप काढली, तरी माझा मूड काही कुणाला बिघडवता आला नाही. नोकरी लागलीय म्हटल्यावर माणूस खांदासुद्धा फुकट देतो.

मनाच्या आजारांचं उपचार केंद्र आहे हे. पांढरी दुमजली इमारत, पुढे बाग, आत शिरल्याशिरल्या काउंटर. त्या काउंटरवर मी बसणार. सध्या तिथे बसतात त्यांना सगळे माई म्हणतात. केस पांढरे, पण वेणी अशी चापूनचोपून घातलेली की एक बट इकडची तिकडे नाही. माझी मुलाखत त्यांनीच घेतली होती, काउंटरवरच, उभ्या उभ्या. घरी कोण कोण आहे एवढंच खोदून विचारलं होतं. नवरा गेला, एक मुलगी, एक धाकटी बहीण, असं म्हटल्यावर लगेच या म्हणाल्या. नेमणुकीचा कागद महिन्याने, नोकरी कायम झाली की. मागच्या अंगाला दोन खोल्याही तेव्हाच मिळतील.

तोवर चिमी धाकटीकडे. निघताना चिमीच्या दोन वेण्या घातल्या आणि सांगितलं, आता पुढच्या वेण्या नव्या घरात. धाकटी म्हणाली, मलाही चिकटव की तिकडे कुठेतरी, घरी बसून गंज चढलाय. बघते म्हटलं. आधी माझं बूड तर टेकू दे.

तात्पुरती खोली छान आहे. खिडकीला जाळी, भिंतीला निळा रंग. दाराची कडी मात्र बाहेरून आहे. सुताराने दार उलटं बसवलेलं दिसतंय.

६ नोव्हेंबर

आजवर मला वाटायचं, डोक्याचा डॉक्टर म्हणजे डोक्याचा डॉक्टर. इथे पाच दारं आहेत आणि पाचही दारांआड वेगवेगळी माणसं. माईंनी आज शिकवणी घेतली.

पहिल्या दाराआड समुपदेशक. ऐकतात. नोकरी गेली, घटस्फोट झाला, परीक्षेची धास्ती बसली, अशी माणसं त्यांच्याकडे. बिचाऱ्यांना कायमची सर्दी असते आणि खिशात लहान पोरांसाठी गोळ्या. दुसऱ्या दाराआड मानसशास्त्रज्ञ बाई. त्या चाचण्या घेतात, आठवडेच्या आठवडे बोलून गाठी सोडवतात, पण औषध लिहून देऊ शकत नाहीत. औषध तिसऱ्या दाराआड. तिथे मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे खरेखुरे डॉक्टर. कुणाला ठेवून घ्यायचं आणि कुणाला घरी सोडायचं, ती सही त्यांची. चौथ्यात समाजसेविका. पेशंटच्या घरच्यांशी बोलणं, घर-नोकरीचं बघणं तिच्याकडे. पाचव्यात व्यवसायोपचारतज्ज्ञ. हे उच्चारेपर्यंत पेशंट बरा होऊन घरी जाईल. म्हणून सगळे त्यांना कामवाले सर म्हणतात. आजाराने हातातलं काम सुटलेल्यांना ते पुन्हा कामाला लावतात.

कुणाला कुठल्या दारात धाडायचं हे काउंटरवरच्या माणसाला कळलं पाहिजे. पोट दुखलं तर दातांच्या डॉक्टरकडे कुणी जात नाही, मनाचं मात्र तसंच चालतं, असं माई म्हणाल्या. मला पटलं. नवरा गेल्यावर लोकांनी मला देवळापासून हाडवैद्यापर्यंत सगळीकडे पाठवलं होतं.

माणसं देवासारखी आहेत, माई म्हणाल्या, फक्त आपलं कुंपण सोडून एक पाऊल बाहेर टाकत नाहीत. माझ्या कक्षेत नाही म्हणाले की संपलं.

९ नोव्हेंबर

इथे एक गमतीची रीत आहे. काउंटरवर नवीन येणाऱ्याने एकदा पेशंट होऊन पाचही दारं फिरायची. खोटी तक्रार सांगायची, आणि आत कोण काय करतं ते स्वतः बघायचं. तज्ज्ञांना आधी सांगायचं नाही, नाहीतर तेही पाहुणे आल्यासारखे वागतात. शेवटी माई जाऊन सगळ्यांना खरं सांगतात, मग चहा आणि हसणं.

तक्रार फार किरकोळ नको, पहिल्याच दारातून परत पाठवतील. आणि जवळची हवी, म्हणजे बोलताना जीभ अडखळत नाही. माईंनी विचारलं, मुलीची आठवण कशाने येते. वेण्यांनी, मी म्हटलं. मग केसांचंच घ्या, त्या म्हणाल्या. आणि शब्दसुद्धा त्यांनीच जुळवून दिले. दुपारी डोळा लागला की कुणीतरी मागे बसून माझे केस विंचरतं.

अंगावर काटा आला आणि हसूही. शाळेत नाटकात मला कायम झाडाचं काम मिळायचं. आता बघा म्हणावं.

११ नोव्हेंबर

पहिलं दार झालं. समुपदेशकांनी शिंकत शिंकत इतक्या मायेने ऐकलं की मला खोटं बोलल्याची लाज वाटली. मी वाक्य म्हटलं, वर थोडा मीठमसाला लावला. विंचरणाऱ्याचा हात गार असतो, असंही ठोकून दिलं. त्यांनी रुमाल खाली ठेवला. हे माझ्या कक्षेबाहेरचं आहे, म्हणाले, आणि स्वतः मला दुसऱ्या दारापर्यंत सोडायला आले.

दुसऱ्या दारात बाईंनी शाईच्या डागांची चित्रं दाखवली. मला एका डागात खरंच कंगवा दिसला आणि हसू फुटलं. आवरेना. त्या हसल्या नाहीत. उद्या तिसरं दार.

काउंटरवर येऊन हे माईंना सांगितलं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि डोळे पुसले. चांगल्या आहेत हो. आईसारख्या.

१२ नोव्हेंबर

माई गेल्या.

नीट क्रमाने लिहिते. डॉक्टरांनी माझी तक्रार ऐकली, मग विचारलं, इथेच काही दिवस राहायची तयारी आहे का. आता पुरे म्हणून मी खरं सांगून टाकलं. मी पेशंट नाही, काउंटरवरची नवी नोकर आहे, ही तुमच्याकडची रीत आहे. त्यांनी शांतपणे विचारलं, कुठली रीत.

मग त्यांनी समजावलं, अगदी हळू, लहान मुलाला समजावतात तसं. काउंटरवर नोकर नसतोच. ते पाचव्या दाराचं काम आहे, बऱ्या होत चाललेल्या पेशंटने करायचं. माई वर्षानुवर्षांच्या पेशंट. नव्या पेशंटना काही दिवस शेजारी बसवून रुळवायची त्यांना हातोटी होती, तसंच मलाही त्यांनी रुळवलं, असं सगळे समजून होते. आज सकाळी त्या घरी गेल्या. पूर्ण बऱ्या होऊन.

मी काउंटरकडे धावले. खुर्ची रिकामी होती. बागेतल्या माळ्याने त्यांना जाताना पाहिलं. केस मोकळे सोडले होते म्हणे, वाऱ्यावर, आणि मोठ्याने हसत होत्या.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पण होईल. उद्या समाजसेविका धाकटीला फोन करणार आहे. धाकटी सांगेल की मी धडधाकट आहे. मग चहा नाही, पण हसणं तर होईल.

१३ नोव्हेंबर

धाकटीने खरं सांगितलं. खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

नवरा गेल्यावर मी दुपारदुपार चिमीचे केस विंचरत बसायचे, ती झोपली तरी, हे तिने सांगितलं. एकदा पोरीच्या कपाळाला कंगवा लागून रक्त आलं होतं, तेही सांगितलं. रडली म्हणे फोनवर. म्हणाली, ताईला हवं तेवढे दिवस ठेवून घ्या, पण बरी करा, चिमीची काळजी करू नका.

माझ्याशी बोलू द्या म्हटलं. समाजसेविका म्हणाली, ते डॉक्टरांनी सांगितल्यावर. तिच्या कक्षेत नाही.

कडी बाहेरून का आहे ते कळलं. सुताराची काही चूक नव्हती.

१७ नोव्हेंबर

परिचारिका जेवणानंतर गोळी देते आणि गिळेपर्यंत समोर उभी राहते. गोळीने झोप येते. जाग आली की माझी वेणी घातलेली असते.

माझे केस खांद्यापर्यंतच, मी कधी वेणी घालत नाही. परिचारिकेला दाखवलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. तुम्हीच घातलीत, म्हणाली.

चापूनचोपून. एक बट इकडची तिकडे नाही.

२० नोव्हेंबर

गोळी जिभेखाली धरली. जागी राहिले. भिंतीकडे तोंड करून पडले होते.

गादी मागच्या बाजूने दबली. आधी बोटं, मग कंगवा. हात गार नव्हता, ते मी खोटंच सांगितलं होतं. ऊबदार होता, आणि घाई नव्हती त्याला.

ओरडले. सगळे आले. खोलीत कुणीच नव्हतं. गोळी मोठी झाली.

२४ नोव्हेंबर

पाचवं दार. कामवाले सर भला माणूस. मी खुर्चीचा वेत चांगला विणते, म्हणाले. हातात काम आलं म्हणजे अर्धा आजार गेला. उद्यापासून काउंटर.

घरी कधी सोडाल, विचारलं. तुमचं काम कुणीतरी नीट हातात घेतलं की. काउंटर रिकामा ठेवायचा नाही, एवढा एकच नियम त्यांचा. तेवढं त्यांनी सांगितलं की डॉक्टर सही करतात.

पाच जणांत वाईट कोण ते शोधतेय. एकही नाही. प्रत्येकाने आपलं काम चोख केलंय.

२६ नोव्हेंबर

काउंटर. आलेल्या पहिल्याच बाईला म्हटलं, परत जा, आत गेलीस तर — तिने आरडाओरडा केला. मला आत नेलं. पुन्हा पहिलं दार. समुपदेशकांनी तेवढ्याच मायेने ऐकलं.

२९ नोव्हेंबर

पुन्हा काउंटर. आता सगळ्यांशी गोड बोलते. उजवीकडे बसा, पाणी हवंय का.

एकदा विचार आला. झटकला. माझी बहीण आहे ती. पाठची बहीण.

३ डिसेंबर

कंगवा आता डोक्यात खोल जातो. रक्त येतं. कपाळापाशी, चिमीला लागला होता तिथेच.

डॉक्टरांनी एक फोन करायची परवानगी दिली. धाकटीला म्हटलं, मी बरी आहे, आणि इथे नोकरी आहे. तुला. चिमीला घेऊन ये.

आनंदाने रडली वेडी.

७ डिसेंबर

आल्या. चिमी मोठी दिसते. तिने माझ्या वेणीला हात लावून बघितला आणि मागे सरकली.

धाकटीला पाच दारं शिकवली. माईंपेक्षा चांगली शिकवली. मग रीत सांगितली. चिमी बाकावर पाय हलवत ऐकत होती. धाकटी म्हणाली, ताई, नाटकात मी कायम राणी असायचे, विसरलीस का. तक्रार कुठली सांगू ते तूच सांग.

सांगितली. तीच, केसांची. तिने दोनदा म्हणून दाखवली. हसत आत गेली.

९ डिसेंबर

तिसऱ्या दारातून तिचा आवाज आला. ताईला विचारा, ताईला विचारा.

समाजसेविका विचारायला आली. जवळची नातेवाईक मीच. हो, म्हटलं. लहानपणापासून आहे तिला.

पुढचं काही ऐकलं नाही. कानांवर हात ठेवले होते.

११ डिसेंबर

दुपारी झोपले. उठले. केस मोकळे.

मोकळे. चाचपून पाहिले, दहादा पाहिले. रक्त नाही. सुटले. कामवाल्या सरांनी सांगितलंय, धाकटी काउंटरवर बसेल हळूहळू, समजूतदार आहे. डॉक्टरांची सही झाली. बॅग भरली, बंद शिवून घेतला. बस चारची. हे काउंटरवर उभी राहून लिहितेय, शेवटचं. धाकटीच्या खोलीवरून येताना जाळीतून दिसली. भिंतीकडे तोंड करून पडलीय.

तिचे केस विस्कटलेले. कुणी हात लावलेला नाही त्यांना.

मग — तिला नाही, तर —

चिमी बाकावर बसलीय. सकाळी विचारत होती, मावशीचं वाक्य तिलाही पाठ आहे, म्हणून दाखवू का. मी माझ्याच विचारात होते. हो म्हटलं असेन.

तिला दोन वेण्या आहेत. चापूनचोपून. मी घातल्या नाहीत.

समुपदेशक आलेत. खिशातून गोळी काढून तिला देतायत. वाकून विचारतायत, कुणी गं घातल्या इतक्या छान वेण्या, आणि ती माझ्याकडे बोट दाखवत नाहीये, ती तिच्या मागे —

त्यांनी रुमाल खाली ठेवला. तिचा हात धरला. पहिल्या दाराकडे

चिमे, बोलू नकोस, काही सांगू नकोस त्यांना, चि