घुबडाची जागा

इंदिरानगर, नाशिक
दि. ९ नोव्हेंबर १९८३

प्रिय आक्कास,
यादवचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्रास कारण की, काल शाळेला निघताना एका बगळ्याने माझं वस्त्रहरण केलं. शर्ट नवा होता, टेरिकॉटचा. विशाखाला पाहायला पाहुणे यायचे आहेत त्या दिवशी मुलीचा बाप शोभावा म्हणून शिवलेला, आणि अंगाला सवय व्हावी म्हणून काल घातलेला. मोरीच्या दारापाशी वळलो तर बगळ्याची चोच खालच्या खिशात शिरली. ती बाहेर आली तेव्हा खिसा तिच्याबरोबर होता. तर्कशास्त्रात प्रत्यक्ष प्रमाण सर्वांत बलवान मानतात. ते मी घडी करून कपाटात ठेवलं आहे, तू आलीस की दाखवीन.

बगळा अर्थातच आपल्या तीर्थरूपांचा. निफाडच्या शाळेत जन्मभर पोरांना फळ्यावर पक्षी काढायला शिकवलेले आपले ड्रॉइंगमास्तर नाना आता पक्षी काढत नाहीत, ठोकतात. सायखेड्याच्या गोदाकाठची माती आणवतात, ओट्यावर बसून पाखरं घडवतात, कोंडाजी कुंभाराकडून भाजून घेतात. मग एकेका पाखरासाठी माझ्या भिंतीला वेगळं भोक, त्यात लाकडाचा तुकडा, त्यात स्क्रू. हत्ती लटकला तरी निघणार नाही असं काम. डिस्टेंपर अजून नीट वाळला नव्हता, आक्का! भिंतीला माझा जीव लागलाय, कारण तिचे हप्ते अजून संपलेले नाहीत.

बरं, शोभेसाठी म्हणावं, तर शोभेची वस्तू माणूस डोळ्यांसमोर लावतो. ह्यांनी सगळा थवा कमरेच्या उंचीवर लावलाय. नानांच्या खाटेपासून चिमण्यांची रांग निघते, दिव्याच्या बटणांखाली पोपट, मागच्या दाराशी जिथे अंगणाच्या दोन पायऱ्या उतरतात तिथे घुबड, आणि मोरीशी तो दरोडेखोर. पाखरं थोडी वर घ्या म्हणालो, तर म्हणाले की भिंत तुझी हाय, पण पाखरं माझी हायेत, त्यांना किती वर उडायचं ते मी ठरवीन. आणि येताजाता प्रत्येक पाखराला कुरवाळतात. मला लहानपणी इतकं कुरवाळल्याचं आठवत नाही.

तुझ्या भावजयीचं, मालनचं, भांडण मात्र एकट्या घुबडाशी आहे. लग्नाच्या घरात घुबड नको म्हणते. बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर, आणि घुबडाला भिते! मी तिला हसलो. पण पाहुणे सत्तावीस तारखेला येताहेत आणि पाहुण्यांना हसता येत नाही. तूच नानांना चार शब्द लिही. पेपर वाचणं त्यांनी सोडलंय, म्हणतात बातम्यांत दम नाही. तेव्हा पत्र विशाखाच वाचून दाखवील.

आहे तो लोभ तसाच असू दे, आणि शर्टाबद्दल दुःख वेगळं कळव.
तुझा,
यादव

भुसावळ
दि. १४ नोव्हेंबर १९८३

चि. यादव यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मोठ्याने वाचलं. तुझे दाजी इतके हसले की चहा ठसक्यात गेला. शर्टाचं दुःख झालं नाही. लहानपणी तू स्वतः काय कमी खिसे फाडलेस? तेव्हा बगळे नव्हते, बोरी होत्या.

आता थट्टा पुरे. पाखरांना हात लावू नकोस. एकालाही नाही. वर नको, खाली नको, मागेपुढे नको. का ते विचारू नकोस. नाना उन्हाळ्यात इथे आले होते तेव्हा त्यांनी मला गळ्याची शपथ घातली आहे. तू म्हणशील शपथा कसल्या पाळतेस. पण बापाने गळ्याला हात लावून सांगितलेलं आहे, मी मोडणार नाही. एवढंच सांगते की नानांचं तुझ्या घरातलं हिंडणं-फिरणं, आपलं आपण उठणं-बसणं, सगळं त्या पाखरांवर टांगलेलं आहे. ते गेलं तर नाना खाटेवरचं गाठोडं होतील. तू संस्कृतचा मास्तर, श्लोकात दडलेला अर्थ पोरांना काढून देतोस. तुझ्या भिंतीवर कमरेच्या उंचीवर लिहिलंय ते वाचता येत नाही होय रे?

मालनला सांग, आपल्या घराण्याने माणसांची भीती इतकी बघितली आहे की पाखरांची भीती धरायला जागा उरलेली नाही. आणि ज्या घरातली माणसं मातीच्या घुबडाला भितील, त्या घरात आपली विशाखा कशाला द्यायची?

तुझ्यावर माया आहेच. ती टिकवणं तुझ्या हातात आहे.
तुझी,
आक्का

इंदिरानगर, नाशिक
दि. २२ नोव्हेंबर १९८३

प्रिय आक्कास, जयभीम वि. वि.

तुझं पत्र म्हणजे सूत्र आहे, भाष्य नाही. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा राग आला. बापलेकी मिळून शपथा घेता, गुपितं ठेवता, आणि ज्याच्या भिंतीला भोकं पडतात त्याने श्लोकाचा अर्थ लावत बसायचं! तुमचा राजा-प्रधानाचा खेळ लहानपणापासून चालू आहे आणि मी कायम शिपाई. नानांचा जीव त्या पाखरांत आहे हे कळायला शपथ कशाला हवी? करमत नाही म्हणून करतात, एवढा अर्थ मलाही लागतो.

तरीही तुझा मान राखला. सगळा थवा उतरवायची मालनची मागणी होती. मी ती फेटाळली. घरात महायुद्ध झालं, दोन दिवस भाजीत मीठ नव्हतं. शेवटी मी तोडगा काढला तो ऐक आणि भावाचं कौतुक कर. फक्त घुबड उतरवलं. कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवलंय, पाहुणे गेले की पुन्हा लावता येईल. त्या जागी भिंतीला भगदाड दिसू नये म्हणून बटणांखालचा पोपट काढून तिथे लावला. हिरवागार आहे, मागच्या दाराशी उठून दिसतो. पोपटाच्या जागी रांगेतली एक चिमणी सरकवली. म्हणजे कुठेही काही उणं नाही. नाना अंगणात माती मळत बसले होते तेवढ्यात काम उरकलं. त्यांना सांगितलं नाही, कारण मग पुन्हा घुबडाचे हक्क आणि माझी कर्तव्यं ह्यावर प्रवचन झालं असतं. बघू, त्यांच्या लक्षात येतं का. अजून आलेलं नाही. त्या दिवशी खोकल्याची उबळ आली म्हणून विशाखाने धरून आत आणलं, तेव्हापासून दोन दिवस खाटेवरच आहेत, मालन सगळं जागेवर देते.

पत्राचं उत्तर दे. ह्या खेपेला भाष्यासह दे.
लोभ वाढवायला सांगत नाही, आहे तेवढाच पुरवून वापरीन.
तुझा,
यादव

भुसावळ
दि. २५ नोव्हेंबर १९८३

यादव,

आशीर्वाद नंतर. आधी उठ, माळ्यावर चढ आणि घुबड होतं तिथे लाव. पोपट बटणांखाली लाव. मग खाली बसून पुढचं वाच.

नानांना दिसत नाही. उजव्या डोळ्याने काहीच नाही, डाव्याने नळीतून बघावं तेवढं. इथे माझ्या उंबऱ्याला अडखळले तेव्हा मी हटकलं, मग रडले. मी नानांना आईच्या मरणानंतर पहिल्यांदाच रडताना पाहिलं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला असं मी म्हटलं, तर नाना म्हणाले की गेलेलं परत येत नाही एवढं मलाही माहीत हाय. तुला सांगते म्हणाले मी, तर शपथ घातली. म्हणाले, यादव लय चांगला हाय, पण त्याला कळलं की तो मला खुर्चीत बसवून ठेवील आणि वर ओरडेल. चिमणी म्हणजे चालत राहा. पोपट म्हणजे दिवा, आणि पुढे अजून सपाट जमीन. घुबड म्हणजे थांब, पायरी. हे सगळं इथे माझ्या अंगणात बसून बोटांनी ठरवलंय त्यांनी. बगळ्याची मान लांब का केली? अंधारातसुद्धा बोटांना चुकू नये म्हणून. आणि तू पायरीवर पोपट लावलास!

माझी शपथ मोडली ती तुझ्यामुळे. तार करणार होते, पण तारेत एवढं मावत नाही, आणि अर्धवट वाचून तू पुन्हा स्वतःचाच अर्थ लावला असतास.

रागात आहे. राग उतरला की लोभाचं बघू.
आक्का

इंदिरानगर, नाशिक
दि. २९ नोव्हेंबर १९८३

आक्का,

तुझं पत्र काल आलं. नाना परवा पडले.

पाहुणे चहा घेत होते. नानांचा खोकला त्याच सकाळी ओसरला होता, खाट सोडून धोतर-कोट घालून तेही येऊन बसले होते, आणि निफाडकडचं कोणीतरी ओळखीचं निघालं म्हणून खुशीत होते. माझी मातीकामाची जागा दाखवतो म्हणून उठले आणि भिंतीला हात लावत मागच्या दाराकडे निघाले. मी बघत होतो. पोपटावर हात ठेवला, कुरवाळला आणि मोठं पाऊल टाकलं. उचललं पाहुण्यांनीच. उजवं मनगट मोडलंय, कपाळाला टाके आहेत. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली आणि मला बाजूला घेऊन विचारलं की तुम्ही एकाच घरात राहता ना?

मी तुझ्यावर भयंकर चिडलो आहे. शपथ गळ्याची होती, आता कपाळाची झाली. तू एक वाक्य लिहिलं असतंस तर पुरलं असतं. मालनवर चिडलो, ती दोन दिवस चुलीपाशी बसून रडली. नानांवर सर्वांत जास्त चिडलो. पट्टी बांधलेल्या माणसासमोर उभा राहून ओरडलो की मला का सांगितलं नाही. ते शांतपणे म्हणाले की हेच, ह्याच्यासाठी. मग विचारलं की घुबड कुठं हाय?

घुबड लावलं. जुनं भोक सैल झालं होतं, नवा लाकडाचा तुकडा घालून घट्ट केलं. पोपट बटणांखाली गेला. नानांनी डाव्या हाताने सगळी रांग तपासली. जाताना भिंत उजवीकडे येते आणि तो हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून आडवं होऊन खेकड्यासारखे चालतात. मी हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारून चिमणी शोधली. पाहुण्यांकडून काही निरोप नाही. मुलाची आई जाताना नानांच्या पाया पडून गेली, तेवढ्यावर मी आशा ठेवून आहे.

तू ये. माझ्यावर ओरडायला ये, पण ये. लोभ हवा आहे, मागायचा कसा ते आता सुचत नाही.

आणि एक. नाना रोज सकाळी आग्रा रोड ओलांडून पलीकडे निसारच्या सायकल दुकानात जाऊन बसतात, हे तुला माहीत आहे. प्लास्टर निघालं की पुन्हा जाणार म्हणतात, कोणी सोबत नको. मी निसारला विचारलं की तू त्यांना रस्ता ओलांडून देतोस का. तो म्हणाला, चाचा हात धरू देत नाहीत. कडेला उभे राहतात, गाड्यांचा आवाज थांबला की पाऊल टाकतात. आक्का, त्या उतारावर ट्रकवाले डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडतात. तिचा आवाज येत नाही. मला फक्त त्याची भीती वाटते.

यादव