मोटेवरचे पणजोबा

बाबा, यंदा तुमचं श्राद्ध मी केलं. दादाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. भटजींनी तुमच्या आजोबांचं नाव विचारलं आणि मला ते ठाऊकच नव्हतं. दादाला फोन लावला, तर तो म्हणतो, “मी दर वर्षी आपल्या आजोबांचंच नाव दोनदा घेतो.” भटजी हसले, मीही हसलो. पण मनाला ते लागून राहिलं. शेवटी गावी आत्याला विचारलं. तिनं नाव सांगितलं आणि वर म्हणाली, “अरे, तो तर तुमच्या हैद्राबादलाच व्हता की! नवाबाच्या बागेत, चिंचांच्या मागं विहीर व्हती, तिथं मोट हाकायचा. म्हातारपणी गावी आला.”

तुम्हाला हे कुणी सांगितलंच नसावं. नाहीतर त्या दिवशी मला तसे रागावला नसतात. शाळेला सुट्टी होती, बेगम बाजारात तुमच्या मिरचीच्या दुकानात मी शिंकत बसलो होतो. एका गिऱ्हाइकानं विचारलं, “कहाँ के हो बेटा?” मी म्हणालो, “यहींच के.” तिथं तुम्ही मिरची तोलत राहिलात. नल्लकुंट्याला घरी आल्यावर म्हणालात, “आपलं गाव नांदेडकडं. इथं आपण पोटासाठी आलोय. इथलं आपलं काही नाही.” माझा चेहरा पडलेला बघून लगेच मला आपल्याच ताटात जेवायला बसवलंत. दिवसभर गिऱ्हाइकांशी दखनीत ‘हौ’, ‘नक्को’ करत खुलणारे तुम्ही, पण या शहरात जन्मभर पाहुण्यासारखे राहिलात.

रिटायर झालोय, वेळच वेळ आहे. मी जुन्या बागा शोधत हिंडू लागलो. बागांच्या जागी अपार्टमेंटं उभी आहेत, पण बावड्या, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरी, कुठं कुठं उरल्यात. एका गल्लीत भिंतीआड पायऱ्या खाली उतरताना दिसल्या, काठोकाठ कचरा. शेजारच्या घरातून एक म्हातारी बाई ओरडली, “क्या देखरे साब? कचरा है, नक्को जाओ!”

“मेरे परदादा इधर मोट चलाते थे, अम्मा,” मी म्हणालो.

ती आत वळली. मग आतून माझ्यासाठी खुर्ची घेऊन आली.

आता दर रविवारी आम्ही काहीजण तिथला कचरा उपसतो, अम्मा चहा पाठवते. मध्यंतरी काठाचा दगड उघडा पडला. त्यावर दोर घासून घासून पडलेल्या चरी आहेत, माझं बोट आत जातं. बाबा, मी तिथंच खाली बसलो. आता येणाऱ्या-जाणाऱ्याला मीच दाखवतो, बैल कुठून चालायचे, पाणी कुठल्या बागेला जायचं. इतर बावड्यांचीही माहिती काढतोय. घरचे वैतागलेत.

हे पत्र टाकायचं कुठं? दुसरं कुणी वाचणार नाही, म्हणून तुम्हाला एक खरं सांगून टाकतो. तिथं चिंचेचं एकही झाड नाही. आत्यानं सांगितलेली विहीर ती हीच, असं मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. अम्माला मात्र मी हे अजून बोललेलो नाही.