बिबट्याचं काय करायचं

शनिवार, संध्याकाळ. बोईसर.

आज उमरोळीच्या वाचनालयात मुलं माझ्या कादंबरीवर बोलली. मुंगसांची टोळी सगळ्यांना आवडली. आमच्या प्लांटमधल्या पाटीलसाहेबांचा ओंकार म्हणाला, "ताई, दुसऱ्या भागात बिबट्याला मारूनच टाका." मी तसंच लिहिलंय. सोमवारी प्रकाशकाकडे पाठवायचंय.

डोंगरपाड्यावरच्या सुनीताने मात्र पुस्तक अर्ध्यावर सोडलेलं. बिबट्या मुंगसांची शिकार करतो, त्या पानाचा कोपरा दुमडलेला. कंटाळा आला का, विचारलं.

"नाय ताई, मस्त हाय. पण वाघोबाला दुष्ट केलाय तुमी. आमी त्याला पूजतो. मोठ्यानं वाचत होते, तर आये बोलली, बंद कर."

पाड्यावर बिबट्याही वाघोबाच, हे मला माहीत नव्हतं.

ओंकारने विचारलं, "तुमची बकरी नेली तरी पूजा?"

"नेली ना गेल्या साली. तरी दिवाळीच्या वाघबारशीला वाघोबाला नारळ दिला. तुझी होती का बकरी?"

सगळे हसले. मीही. 

बिबट्याच का निवडला मी? गोष्टीला भीती हवी होती आणि तो आयता मिळाला, इतकंच. वाचकांना विचारून लिहू नये, हे मान्य. पण तो दुमडलेला कोपरा डोक्यातून जात नाही. आवडलेलं पुस्तक तिला मिटावं लागलं. दुसरा भाग ती उघडणारही नाही.

प्रकाशकाला आत्ताच कळवलं, सोमवारी जमणार नाही. बिबट्या मरणार नाही. मग मुंगसं त्याच्या तावडीतून कशी वाचतील, ते अजून मला सुचलेलं नाही.