मेरिमची पेटी

ओश, सोमवार

गुलसाना एजे, माझी ताई,

तुला आणि आईला धाकट्या भावाचा सलाम. मी मजेत आहे, दोन्ही वेळा गरम लाघमान, म्हणजे शेवयांचा रस्सा, खातो. कॉलेज सोडल्याचा आईचा राग उतरला का गं?

सुतारखान्यातला माझा जोडीदार बेकतूर आणि मी सध्या इथल्याच मेरिम नावाच्या मुलीच्या रुखवताची अक्रोडी पेटी बनवतोय. गेल्या आठवड्यात मेरिम मापासाठी पेटीत ठेवायच्या रजयांची चळत घेऊन आली. बेकतूर म्हणाला, “एवढ्या रजया? मग नवरा झोपणार कुठे?” ती खळखळून हसली. माझ्याशी मात्र ती “चहा आहे का?” एवढंच बोलते!

मी रागाने गाठीची फळी रंध्याच्या यंत्रात कोंबली. पट्टा तटकन तुटला.

“यंत्रावर कसला राग काढतोस, येड्या?” म्हणत बेकतूरने स्वतःचे हातमोजे मला दिले. त्याचा हा चांगुलपणाच मला सहन होत नाही. तेव्हापासून सगळं काम हातानेच चाललंय. फोड आलेत, पण आईला सांगू नकोस.

मेरिमसाठी मुलगा अजून ठरलेला नाही. पण बेकतूरची आई तिच्या घरी दोनदा चहाला जाऊन आली. म्हणून शनिवारी मी बेकतूरच्या घराचं दार गुपचूप मोजून आलो. पेटी त्याहून चार बोटं मोठी ठेवलीय, उंचीला आणि खोलीलाही. कशीही वळवा, आत जाणार नाही. कुणी विचारलंच, तर यंत्र बंद होतं, म्हणून हाताने माप चुकलं म्हणेन.

आता आपलं दार किती रुंद आहे, तेवढं मोजून लगेच कळव.

तुझाच,
तिलेक