पूंगोडीचा दाखला

३ मार्च, सोमवार

परत आला! जमातीच्या दाखल्याचा अर्ज दुसऱ्यांदा परत आला! कारण काय, तर "मुलीत जमातीची लक्षणे आढळत नाहीत." लक्षणं! गोवर आहे का तो? पूंगोडी तेरा वर्षांची. बाप इरुळर आदिवासी, आजा इरुळर, एन्नोरच्या खाडीकाठची अख्खी वस्ती इरुळर — आणि कचेरीतल्या साहेबांना लक्षणं दिसत नाहीत. पायात चपला होत्या म्हणे. तमिळ चांगलं बोलते म्हणे. अहो, शाळेत घरची बोली तोंडातून निघाली की हातावर पट्टी बसायची. मग पोर काय बोलणार?

महिनाअखेर दाखला मिळाला नाही तर आदिवासी मुलींच्या निवासी शाळेतली नववीची जागा गेली. मग वीटभट्टी. तिची थोरली बहीण तशीच गेली, परत आलीच नाही वर्गात. या वेळी मी तसं होऊ देणार नाही.

६ मार्च, गुरुवार

दहा ते साडेतीन कचेरीत बाकावर. साहेब जेवले, साहेबांनी पेपर वाचला, साहेबांनी मेव्हण्याला फोन केला. शेवटी मला म्हणाले, "सतरा तारखेला फेरचौकशी. मुलीला आणा, आजीला आणा. रीतिरिवाज विचारीन." विचारा! चार वर्षं संध्याकाळचा वर्ग चालवतेय त्या वस्तीत, तो कशासाठी? पोरांना आपली बोली, आपली गाणी, आपल्या झाडपाल्याची नावं यावीत, त्यांची लाज वाटू नये, एवढ्याचसाठी.

आमचा वर्ग ज्या संस्थेचा, तिथे जाऊन शेषाद्री सरांना सांगितलं. संस्थेचे चिटणीस ते! म्हणाले, "मॅडम, मुलीला पानांचा घागरा शिवून घेऊ या का? छाप पडेल." मी म्हटलं, आधी तुम्ही नेसून दाखवा सर. तेव्हापासून बोलत नाहीत. बरंच झालं.

८ मार्च, शनिवार

तयारी सुरू. पूंगोडीच्या आजीला, अंजलै पाट्टीला, नेहमीसारखं वर्गात बसवलं. बाळंतपणाचे रिवाज, साप चावल्यावरचा पाला, देवीची गाणी — ती सांगते, मी लिहिते, पूंगोडी पाठ करते. तमिळ अक्षरं मला अजून भराभर लिहिता येत नाहीत, म्हणून गाणी देवनागरीत उतरवते आणि वाचून दाखवते. पाट्टी पोट धरून हसली. "टीचर, तुझ्या तोंडी गेलं की गाणं सासरी गेल्यासारखं वाटतं!" हसू दे. पण परीक्षेच्या दिवशी काही राहता कामा नये. प्रश्न बावन्न काढलेत. क्रमाने.

११ मार्च, मंगळवार

डोकं फिरलंय नुसतं! पाट्टी दुपारी बोचकं घेऊन वर्गाच्या दारात. मासी महिन्याची पुनव आली, वस्ती निघाली महाबलिपुरमला. तीन दिवस समुद्रावर मुक्काम, वाळूत देवीची मखरं, लग्नं ठरायची ती तिथेच. म्हणाली, "पोरीला न्यायला आले."

आत्ता? सहा दिवस उरले असताना? बावन्नातले सतरा प्रश्न अजून कच्चे! मी म्हटलं, ती राहील माझ्याकडे, पुढच्या वर्षी जाईल. पाट्टी म्हणाली, "पुनवेला कोणी मागे राहत नाही, टीचर." मी म्हटलं, पाट्टी, पुनव दरवर्षी येते, शाळेतली जागा येत नाही. माझा आवाज चढलाच होता. तिने बोचकं उचललं. मग म्हणाली, "तू शिकलेली आहेस," आणि गेली. पूंगोडी रडली नाही. वही उघडून बसली.

मांबलमला तिला घरी घेऊन आले. आमचे हे, पद्मनाभ, त्यांच्या तंजावरी मराठीत सुरू — "अय्यो, त्या पोरीला कां गे धरून ठेविलीस? देवाचं काम कीं ते!" मी म्हटलं, तुम्ही तुमची फिल्टर कापी प्या. ह्यांना काय जातंय बोलायला! निवृत्त माणूस.

१३ मार्च, गुरुवार

बावन्नच्या बावन्न तयार! गाणंही चोख.

१७ मार्च, सोमवार

जे झालं ते तसंच लिहिते.

पूंगोडी एकदाही अडखळली नाही. पाला सांगितला, बारशाचा रिवाज सांगितला, गाणं म्हटलं. पाट्टी बाजूला बसली होती. साहेब मान डोलवत होते. मी मनात म्हटलं, जिंकलो! त्यांनी फाईल मिटली आणि सहज, अगदी सहज विचारलं, "परवा महाबलिपुरमला कुठे उतरला होतात? तुमचं मखर कोणी घातलं?"

हा प्रश्न माझ्या बावन्नांत नव्हता.

पूंगोडीने माझ्याकडे पाहिलं. मग खरं ते सांगितलं. "मी गेले नाही. टीचरनी ठेवून घेतलं. गाणं पाठ करायला."

साहेब हसले. "इरुळर मुलगी, आणि पुनवेला घरी?" फाईल पुन्हा उघडली. त्यांनी लिहिलेलं मला उलटं वाचता आलं — रीतिरिवाज शिकवलेले दिसतात, समाजात वावर नाही. मी ओरडले, अहो, चूक माझी आहे, तिची नाही! तर म्हणतात, "तेच तर मी लिहितोय, बाई. हे सगळं तुमचं आहे. तिचं काय आहे यात?"

नालायक माणूस! लक्षणं मागितली तेव्हा तिला चपलेवरून नाकारलं, लक्षणं दाखवली तर पाठांतर म्हणून नाकारलं! पण शिव्या देऊन होईना. त्याच्या हातात ते वाक्य दिलं कोणी? मी. दुसरं कोणी नाही. एकशेसाठ घरांतून एक पोर पुनवेला गेली नाही, आणि ती माझ्या वर्गातली.

१८ मार्च, मंगळवार

स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. पद्मनाभ काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

१९ मार्च, बुधवार

खाडीवर गेले. पाट्टी छातीभर पाण्यात, ताडाच्या पानांची टोपली दातांत धरून, दोन्ही हातांनी चिखलात कोळंबी चाचपत होती. मी काठावरून म्हटलं, पाट्टी, माझं चुकलं. ती बाहेर आली नाही. टोपली हातात घेतली आणि पाण्यातूनच बोलली.

"मी पोटात होते तेव्हा माझी आई पुनवेला गेली. पूंगोडीच्या बापाला मी पाठीला बांधून नेलं. ही पहिली, जी राहिली. मी तुला का नाही अडवलं, माहीत आहे? मला टीचरची भीती वाटते. लहानपणी दोन दिवस शाळेत गेले होते, तेव्हापासून."

चार वर्षं! चार वर्षं ती माझ्या वर्गात येऊन बसली, गायली, हसली — आणि मला भीत होती. मला वाटायचं, मी तिला मान देते. मी तिला बोलवायचे तेव्हा ती नाही म्हणू शकत नव्हती, एवढंच होतं ते. तिने टोपली परत दातांत धरली.

२४ मार्च, सोमवार

सलग चौथा दिवस वर्गात कोणी नाही. चटई घातली, पाऊण तास बसले, चटई उचलली.

वरच्या साहेबांकडे माफीचं पत्र लिहायला घेतलं. सगळा दोष माझा, मुलीचा हक्क मारू नका. तीनदा फाडलं. प्रत्येक वेळी ते तिच्यापेक्षा माझ्याचबद्दल होत होतं!

२८ मार्च, शुक्रवार

दाखला मिळाला! पूंगोडी सांगायला आली होती. बस म्हटलं तर बसली नाही, उंबऱ्याबाहेरूनच बोलली. पाट्टी अख्खी वस्ती घेऊन वरच्या कचेरीत गेली. दोन दिवस पायऱ्यांवर बसले सगळे, मखर घालणाऱ्या पुजाऱ्यासकट. मला कोणी कळवलं नव्हतं.

वरच्या साहेबांनी फाईल पाहून विचारलं, त्या शिकवणाऱ्या बाई कुठे आहेत? पाट्टी म्हणाली, "आमच्यात कोणी टीचर नाही."